एका दिवसाचा परवाना

गळ घेऊन कोणत्या पाण्यावर जाऊन बसावें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेंत येतो असें म्हटलें तर पुष्कळ वाचक हंसतील. तो निव्वळ सोयीचा प्रश्न आहे असें ते म्हणतील. घरापासून अंतर किती, बांधावर सावली आहे कीं नाहीं, पाण्यांत मासा केवढा आहे आणि दिवसाचे पैसे किती पडतात, एवढें विचारलें म्हणजे काम झालें. माझें म्हणणें असें कीं, ह्या चार प्रश्नांच्या मागें एक पांचवा प्रश्न उभा असतो आणि तो बहुधा कोणी विचारीत नाहीं. ज्या माशाच्या तोंडांत आपण कांटा अडकविणार, तो त्या पाण्यांत आला कसा, आणि तो कोणाचा? ह्याचें उत्तर तळ्यागणिक बदलतें, आणि उत्तर बदललें कीं गळ टाकणाराचें कर्तव्यहि बदलतें.

हें केवळ कल्पनेंतलें बोलणें नव्हे. आमचा श्रीगोंदा तालुका कोरडा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तरीहि त्याच्या पोटांत व शिवेवर पाणी नाना रूपांनीं सांठलेलें आहे. हंगा नदीवर १९२७ सालीं पुरा झालेला विसापूरचा तलाव आहे. (विसापूर हें नांव तलावापेक्षां तेथल्या तुरुंगामुळें अधिक लोकांना ठाऊक आहे, कायदेभंगाच्या दिवसांत पुष्कळ सत्याग्रहींनीं तेथें शिक्षा भोगली.) पश्चिमेला चिंचणीपाशीं घोड नदीवरचें धरण आहे. दक्षिणेला पेडगांवच्या जुन्या किल्ल्याच्या कडेनें भीमा वाहते. ह्यांखेरीज गांवोगांवचे पाझर तलाव आहेत, आणि २०१६ सालच्या 'मागेल त्याला शेततळें' ह्या योजनेनंतर तर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलीं शेततळीं फळबागांच्या कडेला सर्रास दिसूं लागलीं आहेत. सुटीच्या दिवशीं गळ घेऊन निघालेल्या मनुष्याला निवड करावयास जागा आहे, ती एवढी. तो मासेमारीवर पोट भरणारा नाहीं. त्याला एक दिवस पाण्याकांठीं घालवावयाचा आहे. येथें विचार चालला आहे तो त्याचाच.

पैसे भरून एका दिवसापुरतें तळ्याकांठीं बसण्याची रीत इंग्लंडांत फार रूढ आहे. तेथें अशा तळ्यांत मुख्यतः कार्प नांवाचा मासा पाळतात. आमचे रोहू, कटला, मृगळ हे त्याच कुळांतले. आयझॅक वॉल्टनचा गळाच्या छंदावरचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ सालीं निघाला तेव्हां धरलेला मासा खावयाचा हें इतकें गृहीत होतें कीं, कार्प शिजवावा कसा हेंहि त्यानें सविस्तर सांगून ठेवलें आहे. आतां तेथली पद्धति उलटी झाली आहे. मासा धरावा, तोलावा, त्याचें छायाचित्र घ्यावें आणि पुन्हां पाण्यांत सोडावा. मोठ्या माशांना नांवें असतात. 'बेन्सन' ह्या नांवाची चौसष्ट पौंड वजनाची एक मादी २००९ सालीं मेली तेव्हां वृत्तपत्रांनीं तिचे मृत्युलेख छापले. आयुष्यांत ती साठांहून अधिक वेळां गळाला लागली होती म्हणतात. एकच मासा साठ वेळां फसतो, ही गोष्ट त्याच्या बुद्धीपेक्षां त्याच्या भुकेविषयीं अधिक सांगते, असें मला वाटतें. आपल्याकडे ह्या रीतीचा नमुना पाहावयाचा तर मुंबईच्या पवई तलावाकडे पाहावें. तेथें गळवाल्यांची एक जुनी संस्था आहे आणि तिच्या परवानगीनेंच गळ टाकतां येतो. श्रीगोंद्याकडे असा कांहीं थाट नाहीं. जो कोणी तलावाचा ठेकेदार असेल त्याला विचारावें, तो सांगेल ते पैसे द्यावे आणि बसावें.

छंद मात्र विलायती नव्हे, हें येथेंच सांगून ठेवतों. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, त्यांत राजानें करावयाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. सुंदरलाल होरा ह्या प्राणिशास्त्रज्ञांनीं १९५१ सालीं त्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. माशांच्या जाति, त्यांना आवडणारें खाद्य, काठी, दोरी हें सर्व त्यांत आलें आहे. वॉल्टनच्या पांच शतकें आधीं दख्खनचा एक राजा हें लिहून गेला आहे, तेव्हां गळ हातांत धरणाराला साहेबाची नक्कल करतो म्हणून हिणविण्याचें कारण नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. विचारी मनुष्याच्या मनांत पहिली कल्पना येते ती अशी कीं, पैसे देऊन मासा धरणें हा विकतचा पराक्रम होय. गळ टाकावयाचा तर नदींत टाकावा, जेथें मासा कोणीं आणून ठेवलेला नाहीं आणि पाणी सर्वांचें आहे. ह्या कल्पनेंत एक उमदेपणा आहे, पण माशाची जन्मकथा पाहिली म्हणजे ती टिकत नाहीं. रोहू, कटला आणि मृगळ हे तिन्ही मासे सांचलेल्या पाण्यांत सहसा अंडीं घालीत नाहींत. त्यांना पावसाळ्यांतलें चढतें, वाहतें पाणी लागतें. तळ्यांत सोडलेला रोहू तळ्यांत वाढतो, लठ्ठ होतो, पण तेथें त्याचा वंश चालत नाहीं. पूर्वीं पुरांतल्या नद्यांमधून त्यांचें बीज गोळा करून आणावें लागे. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांत अंगुल येथें हिरालाल चौधरी ह्यांनीं ह्या कुळांतल्या माशाला पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून त्याच्याकडून अंडीं घालविलीं, आणि तेव्हांपासून मत्स्यबीज हें केंद्रांत तयार होऊन विकत मिळूं लागलें. सायप्रिनस म्हणून जो परका मासा आपल्याकडे १९३९ सालीं प्रथम आणला गेला, तो तेवढा सांचलेल्या पाण्यांतहि पैदास करतो. बाकीच्यांची गोष्ट वर सांगितली तशी आहे.

तेव्हां पाझर तलावांतला रोहू हा रानांतल्या हरणासारखा नव्हे. तो पेरलेल्या ज्वारीसारखा आहे. कोणीतरी बोटभर लांबीचें बीज पैसे देऊन घेतलें, प्राणवायु भरलेल्या पिशव्यांतून आणून पाण्यांत सोडलें, आणि महिनोन् महिने पाणकावळ्यांपासून व चोरांपासून राखलें. हा कोणीतरी म्हणजे कोण? सरकारी तलाव मासेमारीसाठीं ठेक्यानें दिले जातात आणि त्यांत मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना अग्रक्रम असतो. आमच्या बाजूला ह्या संस्थांत भोई समाजाची माणसें पुष्कळ. पालखी वाहणें आणि मासे धरणें हीं भोयांचीं दोन परंपरागत कामें. त्यांतलें पहिलें काळानें नेलें, दुसरें ह्या तळ्यांच्या आधारानें कसेंबसें उरलें आहे. म्हणून तळ्यावर बसून परवान्याचे पैसे देणें ह्यांत मला हिणकस असें कांहींच दिसत नाहीं. उलट पैसे न देतां गुपचुप गळ टाकणारा, मग तो कितीहि निसर्गभक्त असो, दुसऱ्याच्या शेतांतलें कणीस मोडतो आहे.

परंतु पैसे दिल्यानें सर्व कांहीं मिटतें असेंहि नाहीं. पैसे कोणाला दिले, हें पाहिलें पाहिजे. बीज एकानें सोडावें आणि बांधावर उभें राहून दिवसाचे पैसे दुसऱ्याच दांडग्यानें घ्यावे, असा प्रकार कोठें होणारच नाहीं असें खेड्याची ओळख असलेला मनुष्य म्हणणार नाहीं. अशा ठिकाणीं पैसे देणारा, आपण प्रामाणिक आहों ह्या समजुतींत, चोरीला हातभार लावतो. शिवाय बसण्याचे पैसे निराळे आणि माशाचे निराळे. दिवसाच्या ठरीव रकमेंत वाटेल तितके मासे न्यावे, हा सौदा मला आवडत नाहीं. त्यांत पैसे वसूल करण्याची हांव माणसाला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवते. बसण्याचें थोडें द्यावें आणि नेलेल्या माशाचे बाजारभावानें वजनावर द्यावे, हें बरें. जेथें असा व्यवहार होतो तें पाणी, इतर गोष्टी सारख्या असतां, मी आधीं निवडीन.

शेततळ्याचा हिशेब त्याहून सरळ आहे, कारण मालक समोर उभा असतो. पण तेथें मला जावेंसें वाटत नाहीं. उभ्या बांधांत कोंडलेला, रोज ठरल्या वेळीं खाद्य टाकून संवयीचा केलेला मासा गळानें धरणें म्हणजे गोठ्यांत शिकार करणें होय. नीतीच्या दृष्टीनें त्यांत दोष काढतां येणार नाहीं, पण आनंदहि काढतां येत नाहीं. आणि ज्याला जावयाचें असेल त्यानें तो कागद किती घसरडा असतो हें ध्यानांत ठेवावें. त्यांत पडलेल्या पोहणाऱ्या माणसालाहि वर येणें कठिण पडतें. शेततळ्यांत बुडून माणसें गेल्याच्या बातम्या वरचेवर वाचावयास मिळतात.

नदीविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण उमद्या माणसांचा ओढा तिकडे असतो. कर्नल साइक्स ह्यानें १८३९ सालीं दख्खनच्या नद्यांतील माशांचीं वर्णनें शास्त्रीय जगापुढें ठेवलीं. पुण्याजवळ मुळामुठेंत मिळालेल्या महाशीराला त्यानें दिलेलें नांव प्राणिशास्त्रांत आजहि चालतें. तो महाशीर आज त्या नद्यांत कितीसा उरला आहे? धरणांनीं त्याच्या वाटा अडविल्या, शहरांनीं पाणी नासविलें. खालीं उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या विस्तीर्ण जलाशयांत परदेशांतून आलेली चिलापी अशी मातली कीं जुन्या माशांना ती भारी झाली, आणि आतां तीच कित्येक मासेमारांची भाकरी होऊन बसली आहे. महाशीर जेथें टिकला तेथें तो बहुधा देवाच्या नांवानें टिकला. देहूला इंद्रायणीच्या डोहांत, महाडकडे वाळणकोंडींत, वाड्याजवळ तिळशाला वैतरणेच्या पात्रांत भाविकांनीं त्याला दाणे घातले आणि गळ दूर ठेवला. लोणावळ्याकडे टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत कृत्रिम रीतीनें महाशीराचें बीज तयार करण्याचें काम चालविलें, तें ह्या टंचाईमुळेंच. अशा नदींतला देशी मासा हा कोणाचें पीक नाहीं, म्हणून तो फुकट आहे असें आपण समजतों. वस्तुतः तो सर्वांत महाग आहे, कारण त्याची किंमत घेऊन त्याच्या जागीं दुसरा आणून सोडणारा कोणी नाहीं. ज्या पाण्याला मालक नाहीं तेथें परवाना देणार कोण? तेथें गळवाल्यानें स्वतःच स्वतःला परवाना नाकारला पाहिजे.

आतां सोडून देण्याचा प्रश्न. मागें एका पाझर तलावावर मी पुस्तक घेऊन बसलों असतां पुण्याहून आलेल्या एका तरुणानें चांगला चार-पांच शेरांचा कटला काढला. त्याच्याजवळ किंमती काठी होती, ओली चटई होती, कांटा काढण्याची चिमटी होती. मासा चटईवर ठेवून त्यानें अलगद कांटा सोडविला, छायाचित्र घेतलें आणि त्याला दोन्ही हातांनीं पाण्यांत धरून हलकेंच सोडून दिलें. तलावाच्या राखणीला असलेले एक वृद्ध भोई हें सर्व पाहात होते. त्यांनीं विचारलें, "दादा, सोडायचाच व्हता तर धरला कशापायी?" तरुण आदरानें म्हणाला, "मामा, मासा जगावा म्हणून सोडला." म्हातारबोवा म्हणाले, "जगावा म्हणून तर तो पाण्यातच व्हता की."

ह्या उत्तरांतला विनोद सोडला तरी तर्क उरतो, आणि तो मोठ्या मोठ्या राष्ट्रांच्या कायद्यांत जाऊन बसला आहे. इंग्लंडांतल्या तळ्यांवर मासा सोडणें हा दंडक आहे. न सोडणाराला तेथून हांकलून देतात. स्वित्झर्लंडांत २००८ सालच्या प्राणिसंरक्षणाच्या नियमांनीं, सोडून देण्याच्याच इराद्यानें मासा धरणें निषिद्ध ठरविलें. जर्मनीच्या कायद्यांत पृष्ठवंशी प्राण्याला सबळ कारणावांचून क्लेश देणें हा गुन्हा आहे, आणि खाणें हें तेथें कारण मानतात, करमणूक हें मानीत नाहींत. एकाच कृतीला एका देशांत दया म्हणावें आणि दुसऱ्यांत क्रौर्य, हें पाहून कोणी म्हणेल कीं नीति ही देशपरत्वें बदलणारी चाल आहे. मला तसें वाटत नाहीं. दोन्ही देशांनीं आपापल्या पाण्याकडे पाहून अर्धें उत्तर दिलें आहे. जेथें मासा दुर्मिळ आणि वंश तुटत चाललेला, तेथें चुकून लागलेला मासा सोडलाच पाहिजे. जेथें तो खाण्यासाठींच पेरलेला आहे, तेथें सोडण्यानें माशाचा लाभ होत नाहीं. आज ना उद्यां तो संस्थेच्या जाळ्यांत जाणार, आणि तोंवर ओंठाला जखम घेऊन पोहणार. त्या तरुणाची दया खरी होती ह्याविषयीं मला शंका नाहीं. पण तिचा उपयोग माशापेक्षां त्यालाच अधिक झाला.

मासा दुःख भोगतो का, असा आक्षेप येथें कोणी काढतात. २००३ सालीं एडिंबराजवळच्या रोझलिन संस्थेंत लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशाच्या ओंठांत मधमाशीचें विष आणि आम्ल टोंचून पाहिलें. ते मासे खाईनासे झाले, आणि आम्ल टोंचलेल्यांनीं तर तळच्या खड्यांवर ओंठ घांसले. त्याच्या आदल्याच वर्षीं जेम्स रोझ ह्यांनीं असें प्रतिपादिलें होतें कीं, वेदनेची जाणीव होण्यास मेंदूचा जो भाग लागतो तो माशाला नाहींच. वाद अजून चालू आहे. पण व्यवहारांतल्या मनुष्याला तो मिटेपर्यंत थांबतां येत नाहीं, आणि ओंठ घांसणारा मासा पाहिल्यावर शंकेचा फायदा माशाला देणें मला योग्य वाटतें. ह्यावरून एक लहानशी गोष्ट निघते. विलायती शिष्टाचारांत बारीक दोरी वापरून मोठा मासा काढणें हें खिलाडूपणाचें लक्षण मानीत आले. माशाला निसटण्याची संधि दिली पाहिजे, असें त्याचें समर्थन. माशाच्या बाजूनें पाहिलें तर ही संधि म्हणजे अर्ध्या घटकेची ओढाताण, आणि दोरी तुटलीच तर तोंडांत राहिलेला कांटा. दोन पक्षांनीं राजीखुशीनें खेळ मांडला असेल तर नियमांत उदारपणा शोभतो. येथें एका पक्षाला कोणीं विचारलेलेंच नाहीं. दोरी जाड असावी, मासा लौकर काढावा आणि लौकर मारावा.

हें सर्व ऐकून आमच्या गांवचा एखादा माळकरी म्हणेल कीं, प्रोफेसरसाहेब, हा सगळा हिशेब मनाची समजूत घालण्यासाठीं आहे; जीव तो जीव. श्रीगोंदा हें 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या शेख महंमदांचें गांव आहे, तेथें हा आवाज परका नाहीं. जो मासा मुळींच खात नाहीं त्याला माझ्याजवळ उत्तर नाहीं, आणि तें शोधण्याची मला गरजहि वाटत नाहीं. त्याची वाट सरळ आहे. पण बाजारांतून मासा घेऊन येणाऱ्यानें गळवाल्याला नांवें ठेवूं नयेत. जाळ्यांतला मासा कांठावर गुदमरून मरतो. तें त्याच्या डोळ्यांआड होतें, इतकेंच. अशोकानें आपल्या एका स्तंभलेखांत वर्षांतल्या ठराविक दिवशीं मासे मारूं व विकूं नयेत असें फर्माविलें. त्यांत मला व्यवहारी शहाणपण दिसतें. सगळा लोक मासे सोडणार नाहीं हें तो जाणत होता. पण विकण्यालाहि बंदी घालून, घेणाराचा हात मारणाराच्या हाताशीं बांधलेला आहे हें त्यानें ओळखलें.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाहीं. जाळें हें बळानें धरतें, गळ हा विश्वासानें धरतो. गळवाला आधीं दोन दिवस त्या जागीं कणकेचे आणि पेंडीचे गोळे टाकतो, मासे तेथें येऊं लागतात, निर्धास्त होतात, आणि तिसऱ्या दिवशीं त्याच घांसांत कांटा असतो. आधीं चारा घालून मासे जागेला लावण्याची ही युक्ति सोमेश्वराच्या काळींहि ठाऊक होती. इंद्रायणीच्या डोहावर दाणे टाकणारा वारकरी आणि तळ्यावर पेंड टाकणारा गळवाला ह्यांच्या हातांची हालचाल अगदीं सारखी असते, हें मनांत आलें म्हणजे परवाना, पावती, वजन ह्यांपैकीं कशानेंहि समाधान होत नाहीं. पेरलेल्या पिकाला कोणी विश्वासांत घेत नाहीं, आणि ज्वारीची उपमा येथें लंगडी पडते. ह्या बाबतींत मी एवढेंच करतों कीं, पेंड टाकून जागा तयार करणाऱ्यांबरोबर मी बसत नाहीं. तर्कानें मला ह्यापुढें जातां आलेलें नाहीं.

राहतां राहिली ऋतूची गोष्ट, आणि आमच्यासारख्या अवर्षणाच्या मुलखांत तळ्याइतकाच ऋतूहि निवडावा लागतो. लहान पाझर तलाव दिवाळीला भरलेला दिसतो, संक्रांतीनंतर तो कांठ सोडूं लागतो, आणि होळीच्या सुमारास मधल्या खोलगट भागांत गुडघाभर गढूळ पाणी उरतें. सगळे मासे त्या डबक्यांत दाटलेले असतात. १९७२ सालासारखें किंवा २०१२-१३ सारखें वर्ष असलें तर हें पौषांतच घडतें. संस्थेचे लोक आधींच जाळें ओढून बहुतेक माल काढून घेतात. जे निसटतात त्यांना पुढच्या पावसाची भेट होण्याचा संभव नसतो. माघ-फाल्गुनांत, जाळें पडून गेल्यावर, राखणदाराला विचारून आणि पैसे देऊन अशा पाण्यावर जावें, असें मी मला विचारणाऱ्यांना सांगतों. त्या वेळीं सावली मिळत नाहीं, मासाहि फार मोठा उरलेला नसतो, आणि चिखल तुडवीत पाण्यापर्यंत जावें लागतें. पुण्याहून गाडी घेऊन कोणी येईल असें तें ठिकाणच नव्हे. चैत्र उजाडतो तोंवर तळाला भेगा पडूं लागतात, आणि बगळे विसापूरकडे निघून जातात.